मदत हवी आहे: भाजल्याचे वण आणि वाढतं वय

माझी मुलगी अडीच वर्षांची असताना आंघोळीच्या कढत पाण्यात तिचा डावा पाय गेला. बादलीत आधी गार पाणी घ्यायचं, एवढंच चुकलं माझं. ६० अंशांचं पाणी मोठ्या माणसालाही पाचेक सेकंदांत खोल भाजतं आणि मुलांची कातडी पातळ असते, हे सगळं नंतर कळलं.

आता १४ महिने झालेत. घोट्यामागे त्वचारोपण झालंय. वण अजून लाल आणि जाड आहे. तो निवायला वर्ष-दोन वर्षं लागतात असं डॉक्टर म्हणतात. सिलिकॉन जेल, मालिश, दिवसाचे २३ तास घट्ट प्रेशर मोजा, सगळं चालू आहे. (मोजा घालणं म्हणजे रोजची कुस्ती.)

पण पाय वाढतोय, वणाची कातडी तेवढी ताणत नाही. टाच नीट टेकेनाशी झालीय. कुणाच्या मुलाला असं आखडल्यावर पुन्हा शस्त्रक्रिया लागली का? कितव्या वर्षी? की स्प्लिंट (पाय नीट स्थितीत धरून ठेवणारा आधार) आणि व्यायामावर भागलं?

आणि रात्रीची खाज! औषधाने तात्पुरती थांबते, पहाटे पुन्हा रडारड. तुम्ही काय केलंत?

नळाचा आवाज आला तरी ती अजून मला घट्ट धरते. त्यासाठी समुपदेशकाकडे कुणी गेलंय का?