शब्दचर्चा : ‘प्रायमरी इंट्राऑसिअस मेनिन्जिओमा’ मराठीत कसे सांगावे?

प्रश्न : माझ्या मावशीच्या कपाळाच्या वर, केसांना तेल लावताना हाताला लागणारा टणक उंचवटा दोन वर्षांपासून होता. तपासण्यांनंतर ‘प्रायमरी इंट्राऑसिअस मेनिन्जिओमा’ असे निदान आले. घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी मी त्याचे ‘प्राथमिक आंतरास्थि मस्तिष्कावरण-अर्बुद’ असे भाषांतर केले, तेव्हा मामा म्हणाले, “प्राथमिक आहे ना, मग वेळेत सापडले.” माझे कोठे चुकले?

उत्तर : मामांनी मराठीच्या रीतीने बरोबर अर्थ लावला. प्राथमिक शाळा, प्राथमिक उपचार, प्राथमिक चौकशी हे शब्द रोजचे असल्यामुळे ‘प्राथमिक’ म्हटले की पहिली पायरीच मनात येते. येथे मात्र ‘प्रायमरी’चा संबंध अवस्थेशी नसून उगमाशी आहे. मेंदूच्या आवरणावर वाढणारा नेहमीचा मेनिन्जिओमा लगतच्या कवटीत शिरून हाड जाड करू शकतो, परंतु अशी गाठ हाडात आलेली पाहुणी असते. गाठ मुळात हाडातच उगवली असेल, तरच तिला ‘प्रायमरी इंट्राऑसिअस’ म्हणतात.

‘आंतरास्थि’ही टाळावे. आंतरजातीय, आंतरराष्ट्रीय या शब्दांप्रमाणे ‘आंतर’ने परस्परांमधले नाते सूचित होते, त्यामुळे गाठ दोन हाडांच्या मध्ये आहे असे वाटेल. ‘अस्थ्यंतर्गत’ हा शब्द उच्चाराला जड असला तरी अर्थाला चोख आहे. ‘अस्थिजन्य’ सोपा वाटतो, पण तो सरळ चुकीचा आहे, कारण गाठीच्या पेशी हाडाच्या नसून मेंदूच्या मधल्या, जाळीसारख्या आवरणातील पेशींच्या जातीच्या असतात. जन्माच्या वेळी कवटीच्या शिवणींमध्ये किंवा पुढे एखाद्या अस्थिभंगाच्या रेषेत त्या अडकून राहत असाव्यात, असे एक मत आहे.

‘अर्बुद’ मात्र ठेवावा. सुश्रुताने वर्णिलेले अर्बुद गोल, स्थिर, मंद वेदनेचे, खोल मुळाचे, सावकाश वाढणारे आणि न पिकणारे आहे, आणि मावशींचा उंचवटा या वर्णनाला बऱ्याच अंशी जुळतो. ‘मेनिन्जिओमा’ हे नाव हार्वे कुशिंग यांनी १९२२ मध्ये रूढ केले. ते देवनागरीत तसेच लिहिल्याने काही बिघडत नाही.

उपप्रश्न : ‘रेअर’साठी ‘विरळ’ की ‘दुर्मिळ’?

उत्तर : येथे दोन्ही नकोत. दुर्मिळ म्हणजे हवेसे असूनही न मिळणारे, जसे जुने नाणे. हाडाच्या संदर्भात ‘विरळ’ म्हटले तर हाडच ठिसूळ झाले असे वाटेल. ‘क्वचित आढळणारा’ म्हणावे. कवटीच्या आतील जाड आवरणाबाहेर उगम पावणारे मेनिन्जिओमा एकूणांच्या सुमारे २ टक्के किंवा त्याहूनही कमी असतात, आणि हाडातले हे त्यांतलेच.

उपप्रश्न : अहवालात ‘बिनाइन’ (म्हणजे कर्करोगाची नसलेली गाठ) आहे. ‘सौम्य’ म्हणावे का?

उत्तर : ‘सौम्य’ म्हटल्यावर कुटुंबीय उपचार पुढे ढकलण्याची शक्यता असते. डॉक्टर बोलताना ‘साधी गाठ’ म्हणतात. त्यापुढे ‘पण काढावी लागणारी’ हे शब्द जोडावेत, कारण डोळ्याच्या खोबणीजवळची साधी गाठही डोळा पुढे ढकलू शकते. शिवाय स्कॅनवर ही गाठ बऱ्याचदा फसवी असते. सीटी स्कॅनमध्ये हाड दाट व फुगलेले दिसले तर फायब्रस डिस्प्लेसियाचा (हाडाच्या जागी तंतुमय ऊती वाढण्याच्या विकाराचा) संशय येतो, आणि हाड पोखरलेले दिसले तर दुसरीकडच्या कर्करोगाचा प्रसार किंवा मायलोमा (अस्थिमज्जेतील पेशींचा कर्करोग) वाटतो. कॉन्ट्रास्ट देऊन केलेल्या एमआरआयमधून आतल्या आवरणाचा किती भाग गुंतला आहे याचा अंदाज येतो; पक्के निदान काढलेल्या तुकड्याच्या सूक्ष्मदर्शकीय तपासणीवरच ठरते.

शक्य असेल तेथे सभोवतालच्या निरोगी हाडाच्या कडेसह संपूर्ण गाठ काढणे हा मुख्य उपचार आहे. आतले आवरण गुंतले असल्यास तो भाग काढून ठिगळ लावतात, आणि हाडाची पोकळी टायटॅनियमची जाळी किंवा बोन सिमेंटने भरून काढतात. अवशेष राहिला किंवा पेशींची श्रेणी वरची, म्हणजे अधिक आक्रमक, निघाली, तर किरणोपचारांचा विचार होतो. हे सारे मामांना सांगताना ‘कवटी फोडून’ हे शब्द मात्र कटाक्षाने टाळावेत. त्या पिढीला ते ऐकताच कपाळमोक्ष आठवतो. ‘हाडाचा तेवढा भाग काढून तेथे जाळी बसवतात’ एवढे पुरेसे आहे.