पोटुशी असताना समुद्रावर गेलात का? अनुभव सांगा (खान्देशकरांनी जास्त)

खापरपोळी
काल भाचीचा फोन आला, धुळ्याला असते, पाचवा महिना संपत आलाय. नवरा म्हणतोय चार दिवस समुद्रावर जाऊन येऊ, एकदा बाळ आलं की कसलं फिरणं. सासू म्हणते पोटुशी बाईने एवढं पाणी बघू नये. मामी तू सांग म्हणे. मी काय सांगणार, फोन कानाला तसाच आणि मला आमचं दापोलीचं आठवायला लागलं, इकडे गॅसवर भाजी करपली.

2011 चा जानेवारी. जळगावहून पुण्याला नणंदेकडे मुक्काम, मग ताम्हिणी घाट, माणगाव, मंडणगड करत दापोली. घाटात माझे हाल विचारू नका, लिंबू हुंगत आणि ह्यांना शिव्या देत गेले. पण दापोलीजवळच्या कर्दे किनाऱ्याला पोचलो आणि शांत झालं सगळं. काहीच केलं नाही हो आम्ही तिथे. किल्ला नाही, डॉल्फिन नाही, हर्णैचा मासळीचा लिलाव पण नाही. सकाळी ओहोटीला वाळूत चालायचं, दोघांच्या चपला ह्यांच्या हातात. तिथे बारीक खेकडे असतात, भोकातून वाळू बाहेर काढून ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोळ्या करतात आणि भोकाभोवती गोल नक्षी मांडून ठेवतात. मी खाली बसायची बघायला आणि मग उठता येईना, हे हसत हसत ओढून उठवायचे. घरी एकत्र कुटुंब, दीर जावा सासरे, नवरा दिवसा माझ्याशी धड बोलायचा पण नाही. तिथे तासन्‌तास बोलला. मुलाचं नाव, हप्ते, त्याच्या वडिलांची भीती, काय काय.

जेवणात मात्र पंचाईत. सगळ्यात नारळ आणि गूळ. मी ठेचा आणि कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ घेऊन गेले होते, घरमालकीण काकूंनी मला भाकरी करायला चूल दिली, आणि ठेचा चाखून अर्धा तास पाणी पित बसल्या बिचाऱ्या. त्यांच्या सोलकढीने माझी जळजळ थांबली ते वेगळं.

तर तुम्ही गेलात का, कुठे गेलात, घरच्यांना कसं पटवलं, लिहा. भाचीला धागा पाठवणार आहे म्हणून जरा जपून 😄

शेवभाजी_दोन_प्लेट
कोणती भाजी करपली?

खापरपोळी
गिलके.

शेवभाजी_दोन_प्लेट
मग जाऊ द्या.

नंदुरबारी
कोकण कशाला एवढं लांब, आमच्याकडचे सगळे सुरतेला. सकाळच्या गाडीत बसायचं, नवापूर, व्यारा, बारडोली, उधना, दुपारी डुमसचा किनारा. आता दुहेरी लाईन झाल्यापासून बरंय, आधी क्रॉसिंगला कुठेही उभी राहायची. नवापूर स्टेशन माहितीये ना, अर्धं महाराष्ट्रात अर्धं गुजरातमध्ये, बाकावर पण तशी रेघ आहे. नवरा म्हणे तू महाराष्ट्रात बस मी गुजरातमध्ये बसतो, फोटो काढू. मी म्हटलं पोट कोणत्या राज्यात येतंय ते आधी बघ.

सासूबाईंचं सुरू होतंच, "काय शे व माय तथा? खारं पानी! आपली तापी काय आटी गयी का? पोटमा लेकरू शे, गुपचूप घर बठ." मी म्हटलं आई, आपलीच तापी सुरतेवरून जाऊन डुमसजवळ समुद्राला मिळते, तिलाच भेटायला चाललोय. यावर त्यांना काही बोलता येईना. जाताना ओटीचं सामान बांधून दिलं, तापीला वाहा म्हणे.

आणि डुमसला पोचलो तर समुद्रच नाही!! ओहोटी. तिकडे पाणी इतकं आत जातं की नुसता काळा चिखल आणि लांब एक चकचकीत पट्टी. मला रडूच आलं, त्या दिवसांत कशानेही यायचं. मग नवऱ्याने टमाट्याची भजी आणली, गोल चकतीवर हिरवी चटणी आणि वरून पीठ, गरम गरम. मी दोन प्लेट खाल्ल्या, तेवढ्यात भरती आली.

केळीवाला_रावेर
आमच्या मित्रमंडळात बायको पोटुशी असली की सगळ्यांना दमणच कसं काय सुचतं कोण जाणे. समुद्र दाखवतो म्हणे. 😂

नंदुरबारी
दादा तुम्ही कुठे नेलं होतं वहिनींना?

केळीवाला_रावेर
...दमण.
पण तिने एक थेंब घेऊ दिला नाही हो. दिवसभर नारळपाणी. म्हणे मी सोडलंय चहा, तू पण सोड.

सिस्टर_धुळे
ड्युटी संपली आता लिहिते, टायपो सांभाळून घ्या. भाचीसाठी म्हणून सांगते. साधारण 14 ते 28 आठवडे हा प्रवासाला बरा काळ, उलट्या कमी झालेल्या असतात आणि पोट फार मोठं नसतं. पण आधी आपल्या डॉक्टरांना विचारायचं, गूगलला नाही आणि आपल्या धाग्याला पण नाही. वार (प्लासेंटा) खाली असेल, रक्तस्राव झाला असेल, बीपी वाढलेलं असेल, जुळं असेल तर हट्ट करू नये. गाडीने जाताना तासा दोन तासाने उतरून चालायचं, एकाच जागी बसून राहिलं की पायात गुठळी व्हायची भीती या काळात जास्त असते. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं असेल तर दवाखाना गाठायचा. सीटबेल्टचा खालचा पट्टा पोटाच्या खालून मांडीवरून घ्यायचा, पोटावरून नाही, हे किती जणींना माहीत नसतं. फाईल, सोनोग्राफी रिपोर्ट, ब्लड ग्रुप सोबत. 108 कोकणात पण आहे, गुजरातेत पण आहे.

मासे खाणारे असाल तर मोरी (मुशी) टाळा, अशा मोठ्या माशात पारा जास्त असतो. बांगडा, बोंबील नीट शिजवलेले चालतात. कालवं, तिसऱ्या असले शिंपले अर्धवट शिजलेले अजिबात नको. आणि आपल्याकडचं ऊन कोरडं असतं, तिकडे घाम वाळत नाही, पाणी किती गेलं कळतच नाही.

शिरपूरची_सून
सिस्टर धन्यवाद. पपईचं काय हो? माझ्या आईने रिसॉर्टवाल्याला फोन करून सांगितलं होतं नाश्त्यात पपई ठेवू नका, सगळ्यांच्याच 🙈

सिस्टर_धुळे
पिकलेली थोडी खाल्ली तर काही होत नाही, कच्ची नको. पण आईशी कोण भांडणार.

भुसावळ_जंक्शन
आम्ही भुसावळकर, आम्हाला गाडी बदलणं हा अपमान वाटतो. मंगला एक्सप्रेस इथून थेट रत्नागिरीला सोडते, कोकण रेल्वेने. खालच्या बर्थसाठी गरोदर बायकांचा कोटा असतो, मी डॉक्टरांचं सर्टिफिकेट घेऊन खिडकीवर गेलो होतो. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं ते बघून घ्या, गाड्या हळू चालवतात तेव्हा.

ठरवलं होतं दोघंच गणपतीपुळ्याला. निघायच्या आदल्या रात्री आई बॅग भरून तयार. एकटी कशी पाठवू म्हणे पोरीला. मी म्हटलं मी आहे ना. म्हणे तेच तर. बायकोचं तोंड बघण्यासारखं होतं, रिझर्वेशन चार्ट लागेपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

पण ऐका पुढे. पुळ्याला देऊळ अगदी किनाऱ्यावर, आमच्या आईने जन्मात समुद्र पाहिला नव्हता. दर्शन झालं आणि बाई सरळ पाण्याकडे. नऊवारी गुडघ्यापर्यंत वर, हातात पर्स. तिथे पाणी फसवं आहे, बोर्ड लावलेत, मी मागून ओरडतोय आई पुढे नको पुढे नको. ती कडेलाच थांबली, लाट पायावर आली की जोरात हसायची. मग पिशवीतून नारळ, हळदकुंकू, खण काढला आणि समुद्राची ओटी भरली. लाटेने खण परत आणला, हिने परत वाहिला, परत आणला. शेवटी समुद्राला दम दिला अहिराणीत. बायको इतकी हसली की मला भीती वाटली आता इथेच दवाखाना शोधावा लागतो की काय. टेकडीची प्रदक्षिणा साधारण किलोमीटरभर आहे, ती त्या दोघींनी हातात हात घालून हळूहळू केली, मी मागून पाण्याच्या बाटल्या घेऊन. त्या दोघींचं जमलं ते तिथून जमलं, आजही माझ्या विरोधात एक असतात.

नंदुरबारी
काय म्हणाल्या अहिराणीत??

भुसावळ_जंक्शन
इथे लिहिण्यासारखं नाही ताई.

चाळीसगावकर
आम्ही नाही जाऊ शकलो. दिवेआगरचं सगळं ठरलं होतं, सोनोग्राफीत वार खाली निघाली आणि झोपून राहायला सांगितलं. पैसे परत मिळाले नाहीत. नवऱ्याने तिथल्या माणसाशी फोनवर वाद घातला, रिपोर्ट पाठवला, तरी नाही. पैशाचं सोडा, मला घराच्या छताचा कंटाळा आला होता तेव्हा. पंख्याच्या पात्यावर किती धूळ आहे ते मला अजून आठवतं. सिझर झालं, लेक बरी आहे, आता दहावीला आहे आणि पोहायला माझ्यापेक्षा लवकर शिकली. वरची सिस्टरची यादी वाचून वाटलं तेव्हा कुणी असं नीट बसून सांगितलं असतं तर मी रोज रडले नसते. मला वाटायचं माझंच काहीतरी चुकलं.

सिस्टर_धुळे
ताई तुमचं काही चुकलेलं नव्हतं. वार कुठे लागते ते कुणाच्या हातात नसतं. तुम्ही एवढं सोसलंत, आणि लेक बरी आहे.

खापरपोळी
🫂 लेकीला घेऊन जा आता दिवेआगरला. सोन्याचा गणपती 2012 ला चोरीला गेला होता, आता परत बसवलाय.

चाळीसगावकर
हो का, माहीत नव्हतं. दहावी संपू दे.

आजी_अमळनेर
नात टाईप करून देते आहे. आमच्या वेळी कसला समुद्र, पोटुशी बाई बोरी नदीवर धुणं धुवायला जायची आणि तेच फिरणं. सातव्या महिन्यात माहेरी आले तेव्हा वडिलांनी बैलगाडीत गवत पसरून त्यावर गोधडी टाकली होती, धक्के बसू नयेत म्हणून. हे गाडीमागे पायी चालत आले अर्ध्या रस्त्यापर्यंत, कुणी बघू नये म्हणून अंतर ठेवून. तेवढंच. जा ग पोरींनो, जाऊन या. सासू काही म्हणू दे. मी पण सासू आहे, आम्ही म्हणतोच.
(आजी आता विचारतेय तिथे समुद्रात आंघोळीला वेगळे पैसे पडतात का)

केळीवाला_रावेर
आजी फुकट आहे 🙏 नंतर गोड्या पाण्याच्या बादलीचे घेतात.

शिरपूरची_सून
आजी 😭❤️

शेवभाजी_दोन_प्लेट
धागा वाचून भूक लागली. कर्द्याला भरीत मिळतं का?

खापरपोळी
वांगं मिळतं, भरीत नाही. आपलं हिरवं पांढुरकं वांगं घेऊन जा इथून, मी तर पुढच्या वेळी तुराट्या पण नेणार होते भाजायला, ह्यांनी गाडीत ठेवू दिल्या नाहीत.

केळीवाला_रावेर
पिठाच्या गोणीत लपवायच्या. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय आणि केळीला पण, तुम्ही ते वांगं गॅसवर भाजलं तर तक्रार करेन.

शिरपूरची_सून
विषय भरकटला पण वलसाडजवळच्या तिथल किनाऱ्यावर कुणी गेलंय का? माझा सहावा लागलाय, डॉक्टर हो म्हणालेत, डिसेंबरचं बघतोय. किनाऱ्याजवळ राहायला बरं का, की वलसाडला राहून रिक्षाने जावं?

नंदुरबारी
वलसाडला राहा, दवाखाने जवळ. समुद्र चार पाच किलोमीटर आहे, रिक्षा मिळतात. काळी वाळू आहे, पांढरे कपडे नको नेऊ. भरतीची वेळ आधी बघ नाहीतर माझ्यासारखं होईल. आणि साईबाबांच्या देवळामागून सूर्यास्त छान दिसतो, पायऱ्या हळू उतर.

शिरपूरची_सून
डन. आईला सांगत नाहीये, नाहीतर ती तिथल्या हॉटेलांना पण पपईचा फोन करेल.