तारण न झालेल्यांचं मरणानंतर काय? अभ्यासवर्गासाठी वचनांचा क्रम सुचवा

सदरची_पायरी
नागपुरात आमच्या बायबल अभ्यासवर्गात 'नरक आणि न्यायाचा दिवस' या विषयावर दोन बैठका आहेत, दीड-दीड तासाच्या. सी.एन.आय.चे (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) लोक जास्त, काही कॅथलिक, एक ॲडव्हेंटिस्ट कुटुंब आणि काही जण पहिल्याच पिढीत विश्वासात आलेले. या शेवटच्यांचा प्रश्न ठरलेला असतो: येशूचं नावही ज्यांच्या कानावर पडलं नाही ते आमचे आजी-आजोबा कुठे आहेत? वचनं कोणत्या क्रमानं घ्यावीत, गाडी कुठे अडते, हे शिकवणाऱ्यांनी सांगावं. 'देवालाच माहीत' एवढंच नको, ते आम्हालाही सांगता येतं.

काटोल_रोड
फळ्यावर दोन रकाने पाडा: 'मरणापासून पुनरुत्थानापर्यंत' आणि 'न्यायानंतर'. वचन कुठल्या रकान्यातलं ते आधी ठरवा, अर्थ मग. निम्मी भांडणं इथेच मिटतात.

लूक १६:१९-३१, श्रीमंत माणूस आणि लाजर, पहिल्या रकान्यात. त्याचे पाच भाऊ अजून घरी जिवंत आहेत, म्हणजे न्यायाचा दिवस उजाडलेला नाही. मत्तय २५:३१-४६ आणि प्रकटीकरण २०:११-१५ दुसऱ्यात. त्यातलं १४ वं वचन कोणाला तरी मोठ्यानं वाचायला लावा: मरण आणि अधोलोक (मेलेल्यांचं ठिकाण) हेच अग्निसरोवरात टाकले जातात. अधोलोक म्हणजेच नरक असं धरून बसलेला इथे अडखळतो, कारण मग नरकच नरकात टाकावा लागतो.

क्रम: दानीएल १२:२, मत्तय १०:२८, मार्क ९:४३-४८ (सोबत यशया ६६:२४, कारण किडा आणि आग तिथूनच आली), मग २ थेस्सलनीका १:९, प्रकटीकरण २०. लूक १६ सगळ्यात शेवटी. तिथूनच सुरुवात केली की लोक जीभ, पाणी आणि दरी यांचा नकाशा काढत बसतात. 'मोशे व संदेष्टे यांचं ऐका' हा दाखल्याचा रोख राहून जातो.

एक बारीक गोष्ट. मार्क ९ मधली ४४ आणि ४६ ही वचनं काहींच्या बायबलात असतील, काहींच्या नसतील किंवा कंसात असतील. सर्वात जुन्या हस्तलिखितांत ती नाहीत आणि मजकूर ४८ चाच आहे. आधीच सांगून टाका, नाहीतर त्यावरच चर्चा रंगते.

मोहननगर_मिस्सा
रकाने बरोबर, पण कॅथलिकांचा पहिला रकाना भरगच्च आहे. मरताक्षणी व्यक्तिगत न्याय (कॅथलिक मंडळीचा धर्मशिक्षण ग्रंथ, १९९२, परिच्छेद १०२१-२२), मग शुद्धिस्थान (१०३०-३२). इतर मंडळ्यांच्या वर्गात शुद्धिस्थान 'दुसरी संधी' म्हणून शिकवतात, ते साफ चूक. तिथे जाणारा देवाच्या कृपेत मेलेला असतो. त्याचं तारण पक्कं, शुद्धी तेवढी बाकी. तारण न झालेल्याला तिथे प्रवेशच नाही. त्यासाठी २ मक्काबी १२ वाचतात, पण तुमच्या बहुतेकांच्या बायबलात ते पुस्तकच नसेल. कॅथलिक प्रत मागवून ठेवा.

नरकाबद्दल १०३५ आणि १०३७ पुरेत: मुख्य शिक्षा म्हणजे देवापासून कायमची ताटातूट, आणि देव कोणालाही नरकासाठी आधीच नेमत नाही.

गोरेवाडा_७
आजी-आजोबा तसेच राहिले ना बाप्पा.

कडक बाजू, म्हणजे ख्रिस्ताला न ओळखता मेलेल्याचं तारण नाही: प्रेषितांची कृत्ये ४:१२, योहान १४:६, रोम १:१८-२०. वेस्टमिन्स्टर कबुलीजबाब (१६४६, प्रेस्बिटेरियन मंडळ्यांचं विश्वासपत्रक) या बाजूचा. एकोणिसाव्या शतकात इथे आलेल्या मिशनरी हिस्लॉपसाहेबांची स्कॉटिश मिशन त्याच परंपरेतली, त्यामुळे नागपुरात जुन्या घरांत हेच ऐकू येतं. पण हीच मंडळी लूक १२:४७-४८ आणि मत्तय ११:२१-२४ काहून गाळतात कोण जाणे! ज्याला धन्याची इच्छा कळली नव्हती त्याला थोडे फटके, असं तिथे स्पष्ट आहे. सरसकट एकच शिक्षा कडक बाजूचे शास्त्रीही शिकवत नाहीत.

दुसरी बाजू: तारण ख्रिस्तामुळेच, पण ज्याला स्वतःच्या दोषाशिवाय सुवार्ता कळली नाही त्याचा न्याय त्याला मिळालेल्या प्रकाशाप्रमाणे. रोम २:१२-१६, आणि कॅथलिकांकडे 'लुमेन जेन्शियम' (१९६४, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा दस्तऐवज), परिच्छेद १६. मात्र 'चांगला माणूस होता, गेला स्वर्गात' असं तो परिच्छेद म्हणत नाही. देवाला मनापासून शोधणं आणि कृपेच्या साहाय्यानं विवेकाप्रमाणे वागणं या अटी आहेत.

सगळेच शेवटी तारले जातील हे तिसऱ्या शतकातल्या ओरिजेन या धर्मपंडिताच्या नावावर चालतं. सहाव्या शतकात त्याच्या मतांचा निषेध झाला.

कोणीतरी १ पेत्र ३:१९ काढेलच, 'बघा, मेलेल्यांना सुवार्ता'. लगेच २० वं वाचा, ते नोहाच्या काळातल्यांपुरतं बोलतं. जोडीला इब्री ९:२७. आणि कोणाच्या आजोबांचा निकाल वर्गात लावू नका. संत कोण हे जाहीर करणारी कॅथलिक मंडळीसुद्धा अमुक माणूस नरकात आहे असं जाहीर करत नाही.

कळमना_बाजू
ॲडव्हेंटिस्ट कुटुंबाला पाहुण्यासारखं बसवून ठेवू नका. त्यांचा पहिला रकाना जवळजवळ रिकामा असतो: मेलेले निद्रेत आहेत (उपदेशक ९:५, योहान ११:११-१४). दुसऱ्यात, ख्रिस्त परत आल्यावरच्या हजार वर्षांनंतर दुष्ट उठतात आणि आगीत नष्ट होतात (मलाखी ४:१-३). आग सार्वकालिक म्हणजे परिणाम कायमचा. यहूदा ७ मधलं सदोम आज जळत नाही. यहोवा साक्षीदारांशी त्यांची गल्लत करू नका. साक्षीदार त्रैक्य मानत नाहीत, ॲडव्हेंटिस्ट मानतात.

दोन्ही बाजूंना आपापलं अवघड वचन वाचायला लावा. 'नाश' म्हणणाऱ्यांनी प्रकटीकरण १४:११ आणि २०:१०, 'अखंड यातना' म्हणणाऱ्यांनी मत्तय १०:२८. मत्तय २५:४६ वर जास्त वेळ ठेवा: शिक्षा आणि जीवन दोन्हींना 'सार्वकालिक' एकच विशेषण आहे, आणि जुने धर्माचार्य ऑगस्टीन यांचा भर त्यावर होता.

सदरची_पायरी
आभार. सी.एन.आय.ची अधिकृत बाजू कुठली धरू?

काटोल_रोड
एकच धरता येणार नाही. २९ नोव्हेंबर १९७० ला इथेच नागपुरात सी.एन.आय. स्थापन झालं तेव्हा अँग्लिकन, बाप्टिस्ट, मेथॉडिस्ट, ब्रेदरन अशा परंपरा एकत्र आल्या. प्रेषितांचा आणि नायसीयाचा अंगीकार (विश्वासाची जुनी, ठरलेली विधानं) समान, आणि त्यांत ख्रिस्त जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करायला येईल एवढं ठाम आहे. आग कशी, किती काळ, याबद्दल त्या अंगीकारांत अक्षर नाही. दुसरी बैठक २ नोव्हेंबरला येणार नाही तेवढं बघा, त्या दिवशी कॅथलिक मंडळी कबरस्तानात असतात.