पुन्हा: मंडळाचा लॅपटॉप – टचपॅड बंद, शनिवारच्या आधी हवाय

प्रेषक: सचिव

मंडळी,
मंडळाच्या लॅपटॉपचा टचपॅड कालपासून बंद आहे. बाण जागचा हलत नाही, क्लिकही होत नाही. कीबोर्ड आणि बाहेरचा माउस ठीक चालतात. काल उबुंटूचे (लॅपटॉपवरच्या लिनक्स प्रणालीचे) अपडेट घेतले, तेव्हा तेच कारण दिसतंय. शनिवारी पोडियमवर माउस फिरवायला जागा नसते हे सगळ्यांना माहीत आहेच. उपाय आधी इथे लिहा. मागच्या वेळेसारखं परस्पर कुणी काही करू नका.

प्रेषक: तांत्रिक समिती

सचिवताई, टर्मिनल (कमांड लिहायची खिडकी) उघडण्याआधी तीन गोष्टी बघा.

एक, वरच्या ओळीतल्या ज्या बटणावर टचपॅडचं चित्र आहे ते एफएन धरून एकदा दाबा. दोन, सेटिंग्जमध्ये ‘माउस आणि टचपॅड’खाली टचपॅडचा भाग दिसतो का? भागच दिसत नसेल तर सिस्टिमला टचपॅड सापडलेलाच नाही. दिसतो पण बंद आहे, तर तो वेगळा प्रश्न. तीन, यूएसबीत वायरलेस माउसचा रिसीव्हर अडकून राहिलाय का? ग्नोममध्ये, म्हणजे उबुंटूच्या डेस्कटॉपमध्ये, ‘बाहेरचा माउस असेल तर टचपॅड बंद’ अशी एक सोय आहे. ती सेटिंग्जच्या खिडकीत दिसत नाही आणि माउस बंद असला तरी नुसत्या रिसीव्हरलाही ती माउस समजते. जीसेटिंग्ज या कमांडने टचपॅडची ‘सेंड-इव्हेंट्स’ ही किंमत वाचा, ‘एनेबल्ड’ यायला हवं.

बॅटरीही बघून घ्या. लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवा. टचपॅड मधून वर आलाय, क्लिक घट्ट झालंय किंवा तळ टेबलावर डुगडुगतोय असं असेल तर बॅटरी फुगली आहे. मग चार्जर काढा, मशीन बंद करा आणि ते पुन्हा चालू करू नका. आधी बॅटरी बदलायची, बाकी सगळं नंतर.

प्रेषक: ध्वनी-प्रकाश विभाग

एवढं कशाला? सिनॅप्टिक्स हा टचपॅडचा ड्रायव्हर टाका आणि रीस्टार्ट करा. नाहीतर सरळ नवीन उबुंटू टाका, तासाभराचं काम आहे.

प्रेषक: तांत्रिक समिती

सिनॅप्टिक्स कृपया टाकू नका. हा सल्ला जुन्या काळचा आहे. उबुंटू आता वेलँडवर (पडदा सांभाळणाऱ्या नव्या यंत्रणेवर) चालतं आणि वेलँडमध्ये सगळं लिबइनपुट हा माउस-टचपॅडची हालचाल समजून घेणारा भाग बघतं, तिथे सिनॅप्टिक्सला कुणी विचारत नाही. एक्सवर, म्हणजे वेलँडच्या आधीच्या यंत्रणेवर, लॉगिन केलं तर मात्र त्याची सत्तर क्रमांकाची कॉन्फिग फाइल लिबइनपुटच्या चाळीस क्रमांकाच्या फाइलवर मात करते, आणि सेटिंग्जमधल्या टचपॅडच्या पर्यायांचा परिणाम होईनासा होतो. म्हणजे मूळ बिघाड तसाच राहून वर दुसरा गोंधळ.

नवीन उबुंटू टाकण्याआधी ते लाइव्ह यूएसबीवरून, म्हणजे डिस्कवर न टाकता पेनड्राइव्हवरून, चालू करून बघता येतं. तिथेही टचपॅड मेलेलाच असेल तर तो तासही वाया जाणार.

बोटापासून बाणापर्यंत वाटेत तीन टप्पे आहेत. टचपॅडची चिप इंटरप्ट (लक्ष वेधणारा इशारा) देते, कर्नलचा (प्रणालीच्या गाभ्याचा) ड्रायव्हर तो वाचतो, लिबइनपुट त्याची हालचाल करतं. कुठल्या टप्प्यावर अडलंय ते आधी कळू द्या. डीमेसेजच्या, म्हणजे कर्नलच्या संदेशांच्या, यादीत ‘आय-टू-सी-एचआयडी’ हे टचपॅडच्या ड्रायव्हरचं नाव शोधा. मग प्रॉक फोल्डरमधली ‘इंटरप्ट्स’ ही फाइल वॉच कमांडने दर सेकंदाला बघत टचपॅडवर बोट फिरवा. टचपॅडच्या नावाच्या ओळीतला आकडा वाढला तर चिप जिवंत आहे आणि दोष पुढे आहे. ओळ आहे पण आकडा हलत नाही, तर चिपचा इशारा कर्नलपर्यंत पोहोचत नाही. ओळच नाही, तर ड्रायव्हर बसलेलाच नाही.

प्रेषक: ग्रंथालय विभाग

जुन्या कर्नलवर चालू करून बघितलं का? मशीन सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या मेनूत ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये आधीचं कर्नल असतं. अपडेटमुळे बिघडलं असेल तर तिथे टचपॅड चालेल. काही टाकायचं नाही, काही पुसायचं नाही.

प्रेषक: सचिव

रिसीव्हर नव्हता. सेंड-इव्हेंट्स एनेबल्ड. टेबलावर सपाट बसतोय. सेटिंग्जमध्ये टचपॅडचा भागच नाही. इंटरप्ट्समध्ये ओळ नाही. डीमेसेजमध्ये टचपॅडच्या नावापुढे ‘फेल्ड टू रीसेट डिव्हाइस’ असं लाल अक्षरात आहे. जुन्या कर्नलवरही तेच.

प्रेषक: ध्वनी-प्रकाश विभाग

मग बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) जाऊन टचपॅड अॅडव्हान्स्डवरून बेसिक करा. आणि सिक्युअर बूट बंद करा, लिनक्सला ते नडतं.

प्रेषक: खजिनदार

बायोसला कुणीही हात लावायचा नाही. त्याच लॅपटॉपवर विंडोजमध्ये मंडळाचे हिशेब आहेत आणि ते ड्राइव्ह बिटलॉकर या विंडोजच्या कुलपाने बंद आहे. सिक्युअर बूट बदललं की बिटलॉकर रिकव्हरी की मागतो. ४८ आकडे असतात. ती की माझ्याकडे आहे आणि मी शुक्रवारी रात्रीपर्यंत बाहेर आहे.

प्रेषक: तांत्रिक समिती

खजिनदारकाकांचं बरोबर आहे. सिक्युअर बूटचा इथे काही संबंध नाही. ते सही नसलेले मॉड्यूल (कर्नलमध्ये चढवायचे भाग) अडवतं, आपला ड्रायव्हर कर्नलबरोबर सहीसकट येतो. बेसिक केल्याने टचपॅड जुन्या पीएस-टू पद्धतीने बोलेल, बाण कदाचित हलेलही, पण दोन बोटांचं स्क्रोल जाण्याची शक्यता आहे. शनिवारी तेच लागणार आहे.

सचिवताईंच्या उत्तरात नेमकी गोष्ट सापडली. ‘फेल्ड टू रीसेट’ म्हणजे कर्नलला टचपॅड आहे हे कळलं, त्याने ‘जागा हो’ म्हटलं आणि चिपने ओ दिली नाही. जुन्या कर्नलवरही तेच, म्हणजे अपडेटवरचा संशय बराच कमी झाला. या आठवड्यात विंडोज चालू केलं होतं का?

प्रेषक: खजिनदार

हो, परवा. व्यवस्थित शट डाउन केलं होतं.

प्रेषक: तांत्रिक समिती

विंडोजचं नेहमीचं शट डाउन पूर्ण नसतं. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोज स्वतःचं कर्नल डिस्कवर जपून झोपतं आणि काही उपकरणं अर्धवट अवस्थेत राहू शकतात. नुसतं रीस्टार्ट करून टचपॅडची वीज तुटत नाही, म्हणून अडकलेली चिप अडकलेलीच राहते.

तेव्हा असं करा. उबुंटूतून शट डाउन. चार्जर आणि यूएसबीला लावलेलं सगळं काढा. पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा. मध्येच मशीन सुरू झालं तरी बोट उचलू नका, ते बंद पडेल. मिनिटभर थांबून, चार्जर न लावताच, थेट उबुंटू सुरू करा. मध्ये विंडोज नको.

प्रेषक: सचिव

चालला! स्क्रोलही होतंय. पण मी झाकण मिटून उघडलं आणि पुन्हा मेला. डीमेसेजमध्ये तीच ओळ.

प्रेषक: ग्रंथालय विभाग

मग पट्टी सैल असेल. टचपॅडपासून मदरबोर्डकडे जाणारी चपटी केबल झाकण उघडताना हलते.

प्रेषक: तांत्रिक समिती

ती केबल तळाच्या भागात असते, झाकणाबरोबर हलत नाही. सैल असती तर कधी चालला, कधी नाही असं विनाकारण झालं असतं. इथे प्रत्येक वेळी कारण तेच आहे, झोपेतून उठणं.

आता टर्मिनलमध्ये सूडो (मुख्य अधिकार देणारा शब्द) लावून मॉडप्रोब, वजा आर, आणि मॉड्यूलचं नाव: आय-टू-सी, अंडरस्कोर, एचआयडी, अंडरस्कोर, एसीपीआय. मग तेच वजा आर शिवाय. पहिल्याने ड्रायव्हर उतरतो, दुसऱ्याने चढतो. चढताना तो चिपला नव्याने उठवतो. ५.१२ च्या आधीच्या कर्नलमध्ये नावाच्या शेवटी एसीपीआय नसतं, आपलं नवीन आहे.

त्याने टचपॅड जागा झाला तर हे आपोआप करता येईल. सिस्टिमडीच्या (उबुंटूतल्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या) ‘सिस्टिम-स्लीप’ फोल्डरमध्ये एक छोटी स्क्रिप्ट ठेवायची. झोपण्याआधी तिला ‘प्री’ आणि उठल्यावर ‘पोस्ट’ असा शब्द मिळतो. प्रीला ड्रायव्हर उतरवा, पोस्टला चढवा. नुसतं पोस्टला दोन्ही करण्यापेक्षा हे बरं, कारण मग ड्रायव्हर झोपेतून उठायच्या भानगडीतच पडत नाही. फाइलला चालवायची परवानगी द्यायला विसरू नका, नाहीतर ती तिथे गप्प पडून राहते आणि चूकही दाखवत नाही.

प्रेषक: सचिव

दोन्ही कमांड दिल्या, टचपॅड आला. स्क्रिप्ट ठेवली, झाकण पुन्हा पुन्हा मिटून बघितलं, चालतोय.

प्रेषक: खजिनदार

मग विंडोजचं फास्ट स्टार्टअपही बंद करायला हवं. पण ते बंद केलं तर हायबरनेट (काम डिस्कवर जपून मशीन बंद करणं) जाईल ना? मला ते लागतं.

प्रेषक: तांत्रिक समिती

कमांडने हायबरनेशन बंद केलं तर दोन्ही जातात. म्हणून कंट्रोल पॅनेलमधून करा: पॉवर ऑप्शन्स, पॉवर बटणांचं काम निवडा, खाली फास्ट स्टार्टअपची खूण काढा. हायबरनेट राहतं. मात्र हायबरनेट केलेल्या विंडोजवरून उबुंटूत जायचं नाही, त्याआधी पूर्ण शट डाउन.

सामाईक फोल्डर उबुंटूत कधीकधी नुसतं वाचता येतं, लिहिता येत नाही, ही तुमची जुनी तक्रार आहे ना? तीही ही खूण काढल्याने जाईल. विंडोज अर्धवट झोपलेलं असताना लिनक्स त्या ड्राइव्हवर लिहायला नकार देतं, आणि ते योग्यच आहे.

प्रेषक: खजिनदार

शुक्रवारी रात्री आल्यावर खूण मीच काढतो. तोवर विंडोज कुणी चालू करू नये.