शाळेतल्या भुताचा जपानी सिनेमा: ना भीती, ना हसू

प्रश्न: सूड घेणारी विद्यार्थिनी, रात्रीची शाळा, चार टवाळ पोरं. मसाला सगळा, तरी सिनेमा फसतो कुठे?

उत्तर १: भूत सुरुवातीलाच पूर्ण दाखवलं की खेळ खलास. जपानी शाळांतल्या हानाको-सान या मुलीच्या भुताची दंतकथा बघा: तिसरा मजला, मुलींच्या स्वच्छतागृहातलं तिसरं दार, तीनदा टकटक करून ‘आहेस का?’ विचारायचं, आतून बारीक ‘हो’. तोवर दिसत काहीच नाही!

उत्तर २: खरी गोची एडिटिंगची. दचकवण्याआधी शांतता लागते. इथे नेमकं तेव्हाच गमतीशीर संगीत. विनोद घाबरलेल्या माणसाच्या वागण्यातून यावा, भुताच्या तोंडून नव्हे.

उत्तर ३: सूडालाही नियम हवा. भूत झालेली विद्यार्थिनी कुणालाही मारत सुटली तर ताण कसला? कोरियात १९९८ साली सुरू झालेली शालेय भयपटांची मालिका शिक्षकांचा जाच, मार्कांची चढाओढ यांवर उभी आहे, म्हणून तिथलं भूत पटतं.