धरणाखालचे नदीकाठचे जंगल दुष्काळातही हिरवे राहते, म्हणजे ते सुरक्षित आहे का?

काठावरचा

सलग दुष्काळी वर्षांतील नदीकाठच्या जंगलांची उपग्रहचित्रे तुलनेसाठी पाहत असताना एक गोष्ट वारंवार दिसते. ज्या नद्या मोकळ्या वाहतात, त्यांच्या काठची झाडे शेंड्याकडून वाळलेली असतात. उलट, जिथे धरणातून उन्हाळाभर सिंचनासाठी विसर्ग चालू असतो, तिथला काठ गर्द हिरवा राहतो. यावरून नियंत्रित प्रवाह नदीकाठच्या जंगलाला दुष्काळातून तारतो असे मानावे, की हिरवेपणा हा निकषच अपुरा आहे? झाडांच्या शरीरक्रियेच्या अंगाने कोणी समजावून सांगितल्यास बरे होईल.

गाळपेर

निरीक्षण बरोबर आहे. त्यावरून काढावासा वाटणारा निष्कर्ष मात्र घाईचा ठरेल.

कॉटनवूड, पॉपलर, विलो यांसारखी नदीकाठची झाडे, विशेषतः कोरड्या प्रदेशांत, पावसापेक्षा गाळाच्या थरातील उथळ भूजलावर जगतात. त्यामुळे त्यांचा दुष्काळ पाऊस थांबला की सुरू होत नाही, तर भूजलपातळी मुळांच्या आवाक्याबाहेर गेली की सुरू होतो. ही झाडे झपाट्याने वाढतात, पण त्यांच्या खोडातील जलवाहिन्या ताण फारसा सोसत नाहीत. ओढ थोडी वाढली की पाण्याच्या स्तंभात हवेचे बुडबुडे शिरतात आणि ती वाहिनी निकामी होते. हे टाळण्यासाठी झाड आधी पर्णरंध्रे (पानांवरची सूक्ष्म छिद्रे) मिटते, मग पाने गाळते आणि तेवढ्याने भागले नाही तर वरच्या फांद्या सोडून देते. तुम्हाला दिसलेले वाळके शेंडे बहुधा याच प्रकारचे आहेत. ते मरणाचे लक्षण असेलच असे नाही, कारण उपलब्ध पाण्याला पुरेल एवढाच पर्णसंभार राखून असे झाड पुढे अनेक वर्षे जगू शकते.

पातळी किती खाली गेली याइतकेच ती किती वेगाने गेली हेही महत्त्वाचे असते. ती सावकाश उतरली तर मुळे तिच्यामागे खोल जाऊ शकतात. वाळूमय गाळात ती एकदम मीटरभर किंवा अधिक घसरली, तर काही आठवड्यांतच पाने करपतात, फांद्या वाळतात आणि पुढच्या दोनतीन वर्षांत मोठ्या प्रमाणावर झाडे दगावतात. पात्रातील वाळूउपशामुळे पातळी अशी अचानक खचल्यावर कॉटनवूडच्या बाबतीत हे नोंदले गेले आहे.

धरणाखालची प्रौढ झाडे या संकटातून वाचतात, हे मान्य. प्रश्न आहे तो नव्या पिढीचा. कॉटनवूडचे कापसासारखे तरंगणारे बी जेमतेम एकदोन आठवडे रुजण्यायोग्य राहते. त्याला पुराने नुकताच उघडा केलेला, ओला आणि उन्हातला गाळ लागतो, आणि रुजल्यावर पाणी इतक्या संथपणे ओसरावे लागते की कोवळ्या मुळाला त्याचा पाठलाग करता येईल. स्ट्यूअर्ट रूड आणि जॉन महोनी या कॅनडातील संशोधकांनी 1990च्या दशकात मांडलेल्या प्रारूपानुसार हा वेग दिवसाला सुमारे 2.5 सेंटीमीटरपर्यंत चालतो. धरण नेमका हा घटनाक्रम मोडते. पूर अडवला गेल्याने उघडा गाळ तयार होत नाही, आणि झालाच तर दरवाजे झटकन बंद झाल्यामुळे रोपांखालचे पाणी एका रात्रीत नाहीसे होते. कॅलिफोर्नियातील नदीकाठच्या जंगलांवर 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हाच विरोधाभास आढळला: माणसाने प्रवाह बदललेल्या नद्यांचे काठ कोरड्या ऋतूतही हिरवे राहतात, पण ही झाडे वेगाने वाढून लवकर संपण्याच्या आणि त्यांच्या जागी नवी न येण्याच्या मार्गावर आहेत. माझ्या मते अशा जंगलाला सुरक्षित म्हणणे चुकीचे आहे.

पूरमैदान

गाळपेर यांचे विवेचन पटते, परंतु ते प्रामुख्याने पात्राला लागून असलेल्या झाडांना लागू होते, आणि ही मर्यादा लहान नाही. ऑस्ट्रेलियातील मरे नदीकाठची रिव्हर रेड गम ही निलगिरीची जात पाहा. तिची विस्तीर्ण जंगले पात्रापासून दूर, पूरमैदानावर पसरलेली आहेत आणि ठरावीक वर्षांनी जमिनीवर पसरणाऱ्या पुरावर अवलंबून आहेत. 1936 मध्ये पूर्ण झालेले ह्यूम धरण आणि नंतरची सिंचनव्यवस्था यांमुळे मरेचा ऋतूच जवळजवळ उलटा झाला: हिवाळा-वसंतातले पाणी साठवले जाते आणि उन्हाळ्यात पात्र भरून वाहते. तिथे पात्रातला भरपूर प्रवाह दूरच्या झाडांपर्यंत पोहोचत नाही, तर बार्मा-मिलेवासारख्या जंगलातील सखल भागांत अवेळी पाणी साचून वेगळेच नुकसान होते.

शिवाय मरेच्या खालच्या टप्प्यात, उदाहरणार्थ चौविला भागात, भूजलच खारट आहे. तिथे भूजलपातळी वर येणे हेच संकट ठरते, कारण त्यासोबत क्षारही मुळांपर्यंत येतात; पूर ते धुऊन नेतात, पण पूर कमी झाले की क्षार मुळांच्या थरात साचत जातात. 1990च्या दशकाच्या उत्तरार्धापासून 2009पर्यंत चाललेल्या दुष्काळात तिथली झाडे मोठ्या संख्येने खंगली, त्यामागे पाण्याची टंचाई आणि ही क्षारता अशी दोन्ही कारणे होती. ‘पाणी जवळ आहे’ एवढ्यावरून काही ठरत नाही, हे सांगण्यासाठी एवढा विस्तार केला.

काठावरचा

दोघांचेही आभार. मग उपाय म्हणून धरणातून मुद्दाम पूर सोडावा का? दुष्काळात, जेव्हा पिण्याच्या पाण्याचीही ओढाताण असते, तेव्हा हे कितपत व्यवहार्य आहे?

विसर्ग

हे पाणी दरवर्षी सोडावे लागत नाही, हा यातील सर्वांत दिलासादायक भाग आहे. ही झाडे अनेक दशके जगतात. दर पाचदहा वर्षांत नव्या रोपांची एखादी तुकडी तगली तरी जंगल चालू राहते. म्हणून हा विसर्ग भरपूर पावसाच्या वर्षासाठी राखून ठेवावा आणि दुष्काळात फक्त पातळी एकदम खचणार नाही एवढे पाहावे, असे मला वाटते.

पाण्याच्या प्रमाणापेक्षा त्याचे ओसरणे कसे आखले आहे यावर किती अवलंबून असते, हे नेवाडातील ट्रकी नदीवर दिसले. 1980च्या दशकात तिथे क्वी-उई या धोक्यात आलेल्या माशाच्या प्रजननासाठी वसंतात जादा पाणी सोडले जाऊ लागले. 1987 मध्ये हा प्रवाह योग्य वेळी चढला, संथपणे उतरला आणि काठावर कॉटनवूड व विलोची रोपे मोठ्या प्रमाणात उगवली. माशासाठी आखलेल्या योजनेतून जंगल परतेल, अशी अपेक्षा कोणी केली नव्हती.

उलट बाजूही सांगायला हवी. 2014च्या वसंतात अमेरिका-मेक्सिको करारानुसार मोरेलोस बंधाऱ्यातून कोलोराडो नदीच्या कोरड्या पात्रात सुमारे 13 कोटी घनमीटर पाणी सोडले गेले. काठ हिरवा झाला, पण पुढच्या वर्षांत ती हिरवाई ओसरत गेली. आधी झुडपे काढून जमीन मोकळी केली होती तिथे देशी रोपे बऱ्यापैकी आली. इतरत्र पुष्कळ ठिकाणी टॅमॅरिस्क या आक्रमक झुडपाचेच फावले. त्याचे बी उन्हाळाभर पडत राहते, त्यामुळे पाणी उशिरा आले तरी त्याला चालते. चीनमधील तारीम नदीच्या खालच्या टप्प्यातही 2000पासून पाणी सोडल्यावर पात्राजवळची वाळवंटी पॉपलरची जुनी झाडे सावरली. मात्र पाणी पात्राबाहेर फारसे पसरत नसल्याने नवी रोपे मोजकीच आली.

गाळपेर

यात प्रत्यक्ष पाहणीपुरती भर घालतो. उपग्रहचित्र पर्णसंभार दाखवते, वय दाखवत नाही. काठाला काटकोनात, पाण्यापासून पूरमैदानाच्या कडेपर्यंत एक पट्टा आखून त्यातील झाडांचे घेर आणि रोपांची संख्या नोंदवली, तर धरणानंतर जन्मलेली झाडे किती हे बऱ्यापैकी कळते. घेरावरून वयाचा अंदाज फसवा असल्याने काही खोडांतून वलयांचे नमुने घ्यावेत. त्याच वलयांतील कार्बनच्या समस्थानिकांवरून (कमी-अधिक वजनाच्या अणूंच्या प्रमाणावरून) झाडाने कोणत्या वर्षी पर्णरंध्रे आवळून धरली होती हेही कळू शकते, म्हणजे पाने हिरवी दिसत असतानाचा ताणही उघड होतो. सोबत एकदोन निरीक्षण विहिरींतील पातळीच्या रोजच्या नोंदी असाव्यात; महिन्यातून एकदा घेतलेल्या नोंदीत विसर्ग बंद झाल्यावरची अचानक घसरण निसटून जाते.