मदत हवी आहे : ‘मेट्रोपोलिस’ कोल्हापुरात मोठ्या पडद्यावर पाहता येईल का?

नमस्कार. फ्रिट्झ लांग यांचा १९२७ सालचा ‘मेट्रोपोलिस’ हा जर्मन मूकपट मी आजवर केवळ लॅपटॉपवर पाहिला आहे. पण जमिनीखालच्या वस्तीतले कामगार माना खाली घालून, एका लयीत पाळी बदलायला निघतात आणि वर श्रीमंतांचे मनोरे आकाशाला भिडलेले दिसतात, हा सारा पसारा वीतभर पडद्यावर अगदी आक्रसून जातो. २००८ साली ब्युनोस आयर्समध्ये सापडलेल्या प्रतीमुळे त्यातील बराचसा हरवलेला भाग परत मिळाला आणि २०१० मध्ये सुमारे अडीच तासांची आवृत्ती तयार झाली. तीच आवृत्ती, बाबूराव पेंटरांनी ज्या गावात मूकपट घडवले तिथे, अंधाऱ्या सभागृहात सर्वांसोबत पाहावी, अशी फार इच्छा आहे.

आम्ही आठ-दहा जण खर्च वाटून घेऊ. दसरा चौकातील शाहू स्मारक भवनासारख्या सभागृहात उत्तम प्रोजेक्टर व मोठा पडदा भाड्याने लावून घेण्याचा अनुभव कोणाला आहे का? जुने जर्मन चित्रपट जतन करणाऱ्या, जर्मनीतील मुर्नाऊ प्रतिष्ठानाकडे प्रदर्शनाच्या परवानगीसाठी पत्र कसे लिहावे, हेही कोणी सांगू शकेल का? मूकपटात दृश्यांच्या मधे येणाऱ्या मजकुराच्या पाट्यांचे मराठी भाषांतर मी स्वतः करीन. मात्र पेटी-तबल्याची जिवंत साथ करू शकणारे वादक हवे आहेत.